पायांचा हजेरीपट

शाळेतला एक जुना हजेरीपट माझ्याकडे आहे. पटसंख्या घसरून १९ वर आली त्या वर्षीचा, त्यामुळे निम्मी पानं कोरीच राहिलेली. त्या कोऱ्या पानांवर जानेवारी ते जुलै मी माझ्या पायांची हजेरी घेतली. डावीकडे तारीख, मधे रात्रीचं जेवण, आणि शेवटच्या रकान्यात 'ह' किंवा 'ग'. ह म्हणजे वळवळ हजर. ग म्हणजे गैरहजर, म्हणजे बाईंना झोप लागली.

फेब्रुवारीतलं एक पान समोर आहे. १२ तारीख: शीत (शिजवलेला भात), तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. ग. १३ तारीख: चपाती, तांबडी भाजी, वरण, वर चहा. ह. १४ तारीख: उंडा पाव, पातळभाजी, मिरचीची भजी, चहा. ह ह ह. हजेरीपटात एका चौकटीत तीन अक्षरं लिहायची नसतात हे मला तीस वर्षांच्या नोकरीत चांगलं माहीत आहे, पण ती रात्रच तशी होती.

पायांना काय होतं हे सांगताना माझी पंचाईत होते. दुखतात का? नाही. मुंग्या येतात का? तशाही नाही. गोटी सोड्याच्या बाटलीत गोटी आत ढकलली की जे फसफसतं, ते पोटरीच्या आत, हाडाला लागून फसफसत राहावं, तसं काहीतरी. हात घालून खाजवावं म्हटलं तर जागा सापडत नाही. पाय हलवला की थांबतं, ठेवला की पुन्हा सुरू. दिवसभर वर्गात उभी असते तेव्हा काही नाही. रात्री पाठ टेकली की पाय म्हणतात, चल ऊठ.

ही हजेरी घ्यायची वेळ आली ती जत्रेच्या नाटकामुळे. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात जत्रेला नाटक झालं नाही तर देव पालखीत बसणार नाही असं वाटावं, इतकं ते ठरलेलं. साडेदहाची वेळ सांगायची, साडेअकराला नांदी म्हणायची, आणि शेवटचा अंक संपेपर्यंत पाववाल्या पोदेराची सायकल भोंगा वाजवत गावात शिरायची. मी तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध. दुसऱ्या अंकात आमच्या पोस्टमनने राजाच्या वेशात पद लावलं, लोकांनी वन्स मोअर दिला, आणि माझ्या पोटऱ्यांत सोडा फुटला. पाच मिनिटं दम धरला. मग बारा गुडघे ओलांडून, सहा जणांचे च्-च् ऐकत मी बाहेर आले आणि मागे, खाजेवाल्याच्या दुकानाजवळ उभी राहिले. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. पाय एकदम शहाणे झाले. उरलेलं नाटक मी उभ्यानंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत निदान सुरू झालं. एकीनं सांगितलं, केळी खा, पोटॅशियम कमी असणार. दुसरी म्हणाली, केळं? रात्रीचं? ते तर वातूळ, त्यानंच झालं असेल. तिसरीनं मैद्यावर बोट ठेवलं. संगणकाच्या तरुण शिक्षिकेनं फोनमध्ये बघून आइस्क्रीम, साखर, चीज आणि चायनीज जेवणातलं अजिनोमोटो अशी यादी वाचून दाखवली. मी घरी सालदाटी केळ्यांच्या घडाकडे बराच वेळ बघत बसले. खाऊ की नको?

केळ्याची गोष्ट लगेच मिटवून टाकते. तो सल्ला पायात वांब येतो त्यासाठीचा. वांब आला की स्नायू दगडासारखा कडक होतो, माणूस ओरडतो, चोळल्यावर सुटतो. माझ्या पायात कडक काहीच होत नव्हतं. दोन्ही दुखणी रात्री येतात आणि पोटरीत येतात, म्हणून लोक एकाच पिशवीत घालतात. केळं या खटल्यात आरोपीही नव्हतं आणि साक्षीदारही नव्हतं.

बाकीच्यांसाठी मात्र मी हजेरीपट उघडला.

खरं सांगायचं तर पदार्थावर संशय घ्यायची ही रीत मला शाळेतल्या बायकांनी शिकवली नाही. ती माझ्या घरातली. माझी आई रात्री सोप्यावर बसायची. दिवा नाही, पंखा नाही, लाल सिमेंटच्या गार जमिनीवर तळपाय घासत. कधी बाबांचं जुनं पंचं फाडून पोटऱ्यांना करकचून बांधायची. मी पाणी प्यायला उठले की म्हणायची, "झोप गो, पाय जरा चळले आहेत." चळले हा तिचा शब्द. धाकट्या भावाच्या वेळी दिवस गेलेले असताना हे सुरू झालं, बाळंतपणानंतर काही महिने थांबलं, आणि चाळिशीनंतर परत आलं ते राहिलंच. आजीचं म्हणणं, बसल्या बसल्या पाय हलवते म्हणून घरात पैसा टिकत नाही. पैसा तसाही नव्हता. त्याचं खापर पायांवर फोडणं सोपं होतं.

आईनं खापर जेवणावर फोडलं. आधी वांगं सोडलं. मग रात्रीची तुरीची डाळ. मग कुणीतरी सांगितलं की शिंपल्या उष्ण पडतात, म्हणून तिसऱ्या सोडल्या, खुबे सोडले. पुढे रात्रीचे मासेच बंद. एकेक पदार्थ सोडला की आठवडाभर बरं वाटायचं, मग पाय पुन्हा चळायचे, आणि ती पुढचा गुन्हेगार शोधायची. शेवटी शेवटी ताटात पेज, लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड इतकंच असायचं. आणि जेवण झालं की पेलाभर चहा, कडक, कमी दुधाचा. चहावर तिनं कधी संशय घेतला नाही. त्या बाईच्या दिवसात सुखाचं म्हणावं असं तेवढंच होतं.

म्हणून हजेरीपट मी आईच्या पद्धतीनं लिहिणार नव्हते. एक पदार्थ, निदान चार रात्री, आणि चारांपैकी तीनदा 'ह' आला तरच आरोप ठेवायचा, असा नियम केला. नियम चांगला होता. पाळताना लक्षात आलं की पदार्थ एकटा कधी येतच नाही. आइस्क्रीम मी खाल्लं ते लग्नात. त्या दिवशी फोंड्याला गाडीत दीड तास, मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर तीन तास, परत दीड तास गाडीत, आणि झोपायला बारा. 'ह' आला. आता हा आइस्क्रीमचा 'ह' की खुर्चीचा? भजीचंही तेच. भजी मी घरी एरवी करत नाही, ती खाल्ली जातात नाटकाच्या मध्यंतरात नाहीतर घाटातल्या हॉटेलात, पुण्याच्या बसमधून उतरून. रात्रीच्या बसमध्ये सहा तास गुडघे दुमडून बसणं ही तर या दुखण्याला दिलेली मेजवानी. मी मात्र चोर्ला घाट उतरताना भजीच्या तेलाला नावं ठेवत होते.

गोड खाल्ल्याचे 'ह' आणि 'ग' शेवटी मोजले तेव्हा जवळपास सारखे निघाले. साखरेनं पाय चळतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात, ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण त्यामागे पक्का अभ्यास फारसा नाही, आणि माझ्या हजेरीपटानंही साखरेला सोडून दिलं. उंडा सुटला. दही सुटलं. खारा बांगडा सुटला, याचा मला मनापासून आनंद झाला.

उर्राक सापडला. एप्रिलमध्ये माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे काजूच्या हंगामातली पहिली बाटली उघडायचा दरवर्षीचा कार्यक्रम असतो. लिमका, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. मी एकच ग्लास घेते, तोही निम्मा तिलाच परत देते. त्या रात्री डोळा पटकन लागला आणि दोन वाजता पाय घेऊनच उघडला. पुढच्या रविवारी पुन्हा एकदा. दारूचं हे असंच आहे, ती आधी झोप आणते आणि मध्यरात्रीनंतर मोडते, आणि चळणाऱ्या पायांना तेवढंच हवं असतं. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, आता तू नुसता लिमकाच पी, आमचा वाटा वाढला.

आणि मग जुलैतली ती रात्र. पाऊस कोसळत होता, मला सर्दी, नाक बंद, तोंडाला चव नाही. जेवणाच्या रकान्यात लिहिलंय: पेज, आंब्याचं लोणचं. म्हणजे आईचं ताट. शेवटच्या रकान्यात 'ह' इतक्या वेळा लिहिलंय की अक्षरं शेजारच्या तारखेत गेली आहेत. रात्री तीन वाजता मी स्वयंपाकघरातून सोप्यावर, सोप्यावरून मागच्या दारी फेऱ्या मारत होते. हे उठून आले आणि दारातच उभे राहिले. "तुझी आई पण अशीच," एवढंच म्हणाले.

सकाळी मी लोणच्याच्या बरणीवर दोष ठेवून डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी हजेरीपट शांतपणे वाचला. मग विचारलं, "त्या रात्री औषध काय घेतलंत?" सर्दीची गोळी. दुकानातून आणलेली, झोप आणणारी. त्या हसल्या. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि हेच दुखणं उसळवतात. उलटी थांबवायच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधंही तसं करतात. माझ्या तीन रकान्यांत औषधाचा रकानाच नव्हता. मी आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचायला सांगत आले आणि स्वतः प्रश्नच चुकीचा मांडला होता.

दुखण्याला नाव आहे हे त्या दिवशी कळलं: रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. दुसरं नाव विलिस-एकबॉम आजार. टॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६७२ साली याचं वर्णन लिहून ठेवलं. बिछान्यात पडल्यावर हातापायांत अशी तडफड सुरू होते की जणू छळाच्या जागी आणून टाकलंय, अशा अर्थाचं. कार्ल-ॲक्सेल एकबॉम या स्वीडिश डॉक्टरनं १९४५ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. मला सालं लक्षात ठेवायची खोड आहे. आमच्या शेजारच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारायला लावलं, म्हणजे विलिसच्या चार वर्षं आधी. नार्व्यात तेव्हाही कुणी बाई अंधारात जमिनीवर तळपाय घासत बसली असणार. तिचं कुणी लिहून ठेवलं नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.२, म्हणजे बरं. मी उठायला लागले तर डॉक्टरबाईंनी बसवलं आणि दुसरी ओळ दाखवली. फेरिटिन: १४.

"हिमोग्लोबिन म्हणजे आज चुलीवर शिजतंय ते शीत," त्या म्हणाल्या. "फेरिटिन म्हणजे कणगीत साठवलेलं साळीचं भात. चुलीवर टोप आहे म्हणून घरात सुकाळ आहे असं समजू नका." शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. प्रयोगशाळेच्या कागदावर १४ कधी कधी ठीक म्हणून छापून येतं, पण पाय चळणाऱ्या माणसाचा आकडा ७५ च्या वर असावा असं या विषयातले डॉक्टर मानतात. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणारं जे विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, त्याला काम करायला लोह लागतं. संध्याकाळनंतर डोपामिन तसंही उतरतं. साठा तळाला गेलेला असला तर ती उतरण पायांना जाणवते. रात्रीचाच मुहूर्त का, याचं उत्तर मला तिथं मिळालं. माझ्या वयातली, महिन्याच्या महिन्याला अंगावरून खूप जाणारी बाई म्हणजे कणगीला खालून भोक. गर्भारपणात साठा बाळाकडे जातो. आईला भावाच्या वेळी झालं ते बहुधा तेच. शिवाय हे घराण्यातही उतरतं. संबंधित जनुकं २००७ मध्ये सापडली.

लोह नाही! मला हसूच आलं. आमच्या गावाभोवती काय आहे? लोखंडाच्या खाणी. माझ्या लहानपणी आणि नोकरीच्या बऱ्याच वर्षांत रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे. आंब्याची पानं लाल, तारेवरचे कपडे लाल, फळा पुसला की फडकं लाल. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा गावाचा पैसा गेला आणि धूळही बसली. दिराचे दोन ट्रक तेव्हापासून माडाखाली उभे राहून गंजले. एवढं लोखंड नाकातोंडात जाऊनही अंगात १४. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते म्हणजे गंज हो. शरीराला त्याचा उपयोग नाही."

मग त्यांनी हजेरीपट पुन्हा उलटा चाळला आणि पेन्सिलीनं एका शब्दाभोवती गोल काढत गेल्या. चहा. चहा. चहा. १३ फेब्रुवारी, वर चहा. १४ फेब्रुवारी, चहा. मी तो शेपटासारखा लिहीत आले होते, जेवणात धरलाच नव्हता.

चहा दोन वाटांनी येतो. एक वाट सगळ्यांना माहीत आहे, कॅफिनची. संध्याकाळी घेतलेलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं, आणि काहींचे पाय त्यानं जास्त चळतात. दुसरी वाट संथ आहे आणि माझ्या मते जास्त लबाड. चहातली तुरट द्रव्यं भाजी-डाळीतल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह तसंच बाहेर जाऊ शकतं. कॉफीचंही तेच. ही तांबडी भाजी मी पिढीजात श्रद्धेनं खात होते आणि वर पेलाभर चहा ओतून तिचं लोह धुऊन टाकत होते. त्या रात्रीच्या 'ह' ला त्या रात्रीचं जेवण जबाबदार नव्हतं. ते वीस-पंचवीस वर्षांचं उधार होतं. माझ्या चार रात्रींच्या नियमात ते सापडणं शक्यच नव्हतं.

आंबटाचं उलट. लिंबू, आवळा असलं काही जेवणात असलं की भाजीतलं लोह जास्त मुरतं. मासे, शिंपल्या यांतलं काही लोह असंही सहज मुरणारं असतं. म्हणजे आईनं उष्ण म्हणून सोडलेल्या तिसऱ्याच तिच्या कामाच्या होत्या. पेज, पापड आणि कडक चहा यांवर ती ज्या रात्री काढत होती, त्यात कणगी भरणार कशी? हे कळलं त्या संध्याकाळी मी भांडी घासता घासता बराच वेळ रडले. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तिसऱ्या.

गोळ्या सुरू झाल्या. एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तास लांब. रोज घेण्यापेक्षा दिवसाआड घेतलेलं लोह बरं मुरतं असं आता दिसून आलंय. पोटाचे हाल झाले, त्याचं वर्णन करत नाही. जाऊबाई म्हणाल्या, माझेही पाय रात्री कसेसेच होतात, तुझ्यातल्या चार गोळ्या दे. दिल्या नाहीत. तपासणी न करता लोह खाल्लं तर जास्तीचं यकृतात साचतं, आणि मूत्रपिंडाच्या आजारातही पाय असेच चळतात, तेव्हा आधी रक्त द्या म्हटलं. त्या आठवडाभर रुसल्या, मग गेल्या. डोपामिनसारखी काम करणारी औषधंही या दुखण्यावर आहेत. ती सुरुवातीला जादू करतात, पण बऱ्याच जणांत काही वर्षांनी दुखणं उलट वाढवतात, संध्याकाळचं दुपारवर आणतात, म्हणून हल्ली डॉक्टर आवरतं घेतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

संध्याकाळचा चहा सोडणं गोळ्यांपेक्षा कठीण गेलं. पहिले चार दिवस डोकं फुटत होतं. शाळा सुटून घरी आलं की हात आपोआप चहाच्या डब्याकडे जायचा. चवथीला घरात तीस माणसं, आरतीनंतर चहाची किटली फिरते आहे, आणि मी पाणी पितेय, हे बघून आत्यानं विचारलं, "बरं नाही काय तुला?" आता सकाळी एक, तोही न्याहारीनंतर तासाभरानं. मोडीत काढलेली लोखंडी कायल माळ्यावरून खाली आली. तिच्यात पोळे चिकटतात, पण आंबट घालून परतलेली भाजी लोखंडाचा थोडा अंश घेऊनच ताटात येते.

तीन महिन्यांनी फेरिटिन ४१, पुढच्या वेळी ७८. पाय आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री चळतात, नाटकातल्या त्या राजासारखे वन्स मोअर घेतात, पण अंक लांबवत नाहीत. गोळ्या आणि चहाबंदी एकाच आठवड्यात सुरू केल्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचं यावर ह्यांचं आणि माझं एकमत नाही.

यंदा जत्रेला मी कडेची खुर्ची धरली. सवय म्हणून पहिला अंक झाल्यावर मागे गेले. खाजेवाल्याच्या दुकानाजवळ दरवर्षी पाच-सहा बायका उभ्या असतात. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांना खुर्च्या मिळत नाहीत. त्यांतली एक म्हातारी नववारीचा काष्टा सावरत या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर भार टाकत होती. पुढे तर चांगल्या सात-आठ खुर्च्या रिकाम्या.

"मावशी, बसायला आणू का खुर्ची?"

"नाका गो बाय. बसल्यार पांय वळवळटात."

मी जवळ सरकले. हळूच विचारलं, "रात्री जेवल्यावर चहा घेता तुम्ही?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातात कागदी पेला होता, वाफ येत होती.

"मागीर कितें पियेवप?"